पैलूलक्षी प्रोग्रॅमिंग आणि कॅशे प्रतिकृतीकरण

पैलूलक्षी प्रोग्रॅमिंगवर आधारित कॅशे प्रतिकृतीकरण ही एकाहून अधिक सर्व्हरवर चालणाऱ्या संगणक प्रणालींमध्ये वापरली गेलेली एक पद्धत आहे. मेमरीत ठेवलेल्या ऑब्जेक्टमध्ये झालेला बदल प्रोग्रॅमरने स्वतंत्रपणे न कळवता आपोआप टिपला जावा आणि ऑब्जेक्टचा केवळ बदललेला भाग इतर सर्व्हरवरील प्रतींपर्यंत पोहोचावा, हा या पद्धतीचा उद्देश होय. त्यासाठी ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये मूल्य लिहिण्याची क्रिया मध्येच अडवली जाते आणि तेथे प्रतिकृतीकरणाचे काम करणारा वेगळा कोड जोडला जातो. हे जोडकाम पैलूलक्षी प्रोग्रॅमिंग म्हणजेच ॲस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग या तंत्राने केले जाते.

जावा भाषेतील जेबॉस कॅशे या मुक्तस्रोत प्रकल्पाचा पोजोकॅशे हा भाग आणि टेराकोटा ही प्रणाली ही या पद्धतीची ठळक उदाहरणे आहेत. दोन्हींचा विकास प्रामुख्याने इ.स. २००० ते २०१० या दशकात झाला. पुढील काळात बहुतेक वितरित कॅशे प्रणालींनी बदल उघडपणे कळवण्याची जुनी रीत पुन्हा स्वीकारली. असे असले तरी, ऑब्जेक्टमधील बदल ओळखण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाच्या अभ्यासात ही पद्धत महत्त्वाची मानली जाते.

## पार्श्वभूमी

डेटाबेसमधून माहिती वारंवार वाचणे हे मेमरीतून वाचण्याच्या तुलनेत बरेच संथ असते. म्हणून नेहमी लागणारी माहिती ॲप्लिकेशनच्या मेमरीत तात्पुरती साठवली जाते. या साठ्याला कॅशे म्हणतात. एकच सर्व्हर असेल, तर कॅशेत एकच प्रत असते आणि तिच्यात झालेला बदल पुढच्या वाचनात लगेच दिसतो.

मोठ्या प्रणालींमध्ये कामाचा भार वाटून घेण्यासाठी, तसेच एक सर्व्हर बंद पडला तरी काम चालू राहावे यासाठी दोन किंवा अधिक सर्व्हर एकत्र जोडले जातात. अशा समूहाला क्लस्टर म्हणतात. प्रत्येक सर्व्हरला स्वतःची मेमरी असल्याने एकाच माहितीच्या अनेक प्रती निर्माण होतात. एका प्रतीत झालेला बदल इतर प्रतींमध्ये उतरवण्याच्या प्रक्रियेस कॅशे प्रतिकृतीकरण म्हणतात. ही प्रक्रिया अपुरी राहिल्यास वेगवेगळे सर्व्हर एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देऊ लागतात.

प्रतिकृतीकरणाचे दोन भाग पडतात. पहिला भाग बदल झाला हे ओळखण्याचा आणि दुसरा भाग तो बदल नेटवर्कवरून इतरत्र पोहोचवण्याचा असतो. दुसऱ्या भागासाठी जेग्रुप्ससारखी विश्वासार्ह समूह-संदेशवहनाची साधने उपलब्ध होती. बेला बान यांनी कॉर्नेल विद्यापीठात असताना १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिचा विकास सुरू केला होता. पैलूलक्षी प्रोग्रॅमिंगचा संबंध प्रामुख्याने पहिल्या भागाशी येतो.

## समस्येचे स्वरूप

समस्या समजण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या सहकारी दूध संघाच्या काल्पनिक संगणक प्रणालीचे उदाहरण घेता येते. दूध उत्पादक सकाळी व संध्याकाळी गावातील संस्थेत दूध घालतात. लिटर, फॅट आणि एसएनएफ यांची नोंद होते आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. प्रणालीत प्रत्येक उत्पादकासाठी ‘सभासद’ नावाचा एक ऑब्जेक्ट आहे. त्यात नाव, सभासद क्रमांक, पत्ता, बँक खाते आणि चालू पंधरवड्याऐवजी चालू दहा दिवसांचे संकलन अशी फील्ड आहेत. प्रणाली ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन सर्व्हरवर चालते आणि दोन्हींच्या कॅशेत सभासदांच्या प्रती आहेत.

साध्या कॅशेत माहिती ठेवण्यासाठी ‘पुट’ आणि काढण्यासाठी ‘गेट’ अशा दोन आज्ञा असतात. ‘पुट’ केले की कॅशेला नवीन माहिती कळते आणि ती दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवली जाते. सर्व्हर ‘अ’ वर एका सभासदाचे बँक खाते बदलायचे असेल, तर प्रोग्रॅमरने तीन गोष्टी करणे आवश्यक असते. सभासद कॅशेतून ‘गेट’ने मिळवायचा, त्याच्या खात्याचे फील्ड बदलायचे आणि तो पुन्हा ‘पुट’ने कॅशेत ठेवायचा.

तिसरी पायरी विसरली गेल्यास कोणतीही चूक दाखवली जात नाही. प्रोग्रॅम कंपाइल होतो. सर्व्हर ‘अ’ वर नवीन खाते बरोबर दिसते, कारण तेथे मेमरीतील मूळ ऑब्जेक्टच बदललेला असतो. एकाच संगणकावर घेतलेल्या चाचण्याही यशस्वी होतात. सर्व्हर ‘ब’ वर मात्र जुनेच खाते राहते. पुढे सर्व्हर ‘अ’ बंद पडला आणि बिले ‘ब’ वरून काढली गेली, तर रक्कम जुन्या खात्यावर जाते. म्हणजे ज्या आपत्तीसाठी दुसरा सर्व्हर ठेवला, नेमकी त्याच वेळी ही चूक उघड होते.

साध्या पद्धतीत आणखी दोन अडचणी येतात.

संपूर्ण ऑब्जेक्टची वाहतूक. ‘पुट’ करताना ऑब्जेक्टचे सीरियलायझेशन होते, म्हणजे त्याचे बाइटच्या ओळीत रूपांतर केले जाते. एकच फील्ड बदलले असले, तरी पूर्ण ऑब्जेक्ट आणि त्याला जोडलेले इतर ऑब्जेक्ट पाठवले जातात. समजा, २०,००० सभासद आहेत, प्रत्येकाची दिवसातून २ वेळा नोंद होते आणि सीरियलायझेशननंतर प्रत्येक ऑब्जेक्ट १० किलोबाइटचा होतो. अशा वेळी दिवसाला ४०,००० बदलांसाठी सुमारे ४०० मेगाबाइट माहिती पाठवावी लागेल. प्रत्यक्ष बदललेला भाग १०० बाइटचा असल्यास तेच काम सुमारे ४ मेगाबाइटमध्ये होऊ शकते.

परस्परसंबंधांचा लोप. एकाच घरातील दोन भाऊ सभासद असतील, तर दोघांचे ‘पत्ता’ हे फील्ड मेमरीतील एकाच पत्ता-ऑब्जेक्टकडे निर्देश करू शकते. दोन्ही सभासद स्वतंत्रपणे सीरियलाइझ केल्यास दुसऱ्या सर्व्हरवर त्या पत्त्याचे दोन वेगळे ऑब्जेक्ट तयार होतात. त्यानंतर तेथे एका भावाचा पत्ता बदलला, तर दुसऱ्याचा बदलत नाही. मूळ रचनेतील ‘पत्ता एकच आहे’ ही माहिती प्रवासात हरवलेली असते.

## बदल ओळखण्याच्या अन्य पद्धती

पैलूलक्षी पद्धतीखेरीज बदल ओळखण्याचे पुढील मार्ग प्रचलित आहेत.

* उघड सूचना. बदल केल्यावर प्रोग्रॅमर स्वतः ‘पुट’ करतो. ही पद्धत सोपी आणि स्पष्ट आहे, परंतु ती पूर्णतः प्रोग्रॅमरच्या लक्षात राहण्यावर अवलंबून असते.
* सेटर मेथडमध्ये नोंद. प्रत्येक फील्डचे मूल्य बदलणाऱ्या मेथडमध्ये ‘बदल झाला’ अशी खूण केली जाते. एकच ओळ शेकडो ठिकाणी लिहावी लागते आणि सभासदाच्या व्यवहाराशी संबंध नसलेला कोड त्याच्या क्लासमध्ये मिसळतो.
* छायाप्रतीशी तुलना. ऑब्जेक्ट घेताना त्याची एक मूळ प्रत जपून ठेवली जाते आणि काम संपल्यावर दोन्हींची तुलना होते. डेटाबेस आणि ऑब्जेक्ट यांची सांगड घालणारी हायबरनेट ही प्रणाली सामान्यतः अशी तुलना करते. या पद्धतीत अधिक मेमरी लागते आणि न बदललेले ऑब्जेक्टही तपासावे लागतात.
* बाइटकोडचे संवर्धन. जावा कंपाइलरने तयार केलेल्या बाइटकोडमध्ये नंतर फेरबदल करून फील्डच्या लेखनाजवळ नोंदीचा कोड घातला जातो. जावा डेटा ऑब्जेक्ट्स या मानकाशी सुसंगत असलेल्या अनेक साधनांनी हा मार्ग वापरला. पैलूलक्षी पद्धत तांत्रिकदृष्ट्या याच्या जवळची आहे. मात्र फेरबदल कोठे व कोणता करायचा, हे सांगण्यासाठी तिच्यात सर्वसाधारण स्वरूपाची भाषा उपलब्ध असते.

## पैलूलक्षी प्रोग्रॅमिंग

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये प्रोग्रॅमची विभागणी क्लासमध्ये केली जाते. परंतु नोंदी ठेवणे, परवानगी तपासणे, व्यवहार पूर्ण वा रद्द करणे यांसारखी काही कामे एका क्लासपुरती मर्यादित राहत नाहीत. ती अनेक क्लासमधून आडवी जातात. अशा कामांना छेदक बाबी म्हणतात. बदल टिपणे हीदेखील एक छेदक बाब आहे. सभासद, पत्ता, संकलन या सर्व क्लासना ती लागू होते, पण त्यांपैकी कोणाचेही ते मूळ काम नसते.

झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात ग्रेगर किझालेस यांच्या गटाने या प्रश्नावर काम केले. १९९७ साली फिनलंडमध्ये भरलेल्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या युरोपीय परिषदेत त्यांनी मांडलेल्या शोधनिबंधातून ॲस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग ही संज्ञा रूढ झाली. निबंधाच्या सात लेखकांमध्ये किझालेस यांच्यासह जॉन लॅम्पिंग, अनुराग मेंढेकर आणि क्रिस्टिना लोपेस यांचा समावेश होता. त्यात प्रतिमाप्रक्रियेच्या एका प्रणालीचे उदाहरण दिले आहे. तिची समजण्यास सोपी आवृत्ती ७६८ ओळींची होती, तर वेग वाढवण्याच्या क्लृप्त्या मूळ कोडमध्ये मिसळलेली आवृत्ती ३५,२१३ ओळींची होती. छेदक बाब वेगळी लिहिता आली नाही तर मूळ कोड किती गुंतागुंतीचा होतो, हे या उदाहरणाने दाखवले.

वितरित प्रणालींचा विचार या तंत्रात प्रारंभापासून होता. लोपेस यांनी १९९७ मधील आपल्या पीएच.डी. प्रबंधात वितरित प्रोग्रॅमिंगसाठी ‘डी’ नावाची भाषाचौकट मांडली. दूरच्या संगणकाकडे ऑब्जेक्ट पाठवताना त्याचा कोणता भाग पाठवायचा, हे मूळ प्रोग्रॅमपासून वेगळे लिहिण्याची सोय तिच्यात होती.

पैलूलक्षी प्रोग्रॅमिंगमधील प्रमुख संकल्पना पुढीलप्रमाणे आहेत.

* जोडबिंदू म्हणजे प्रोग्रॅम चालत असताना येणारा, ओळखता येण्याजोगा क्षण. मेथडची हाक, फील्डचे वाचन आणि फील्डमधील लेखन हे जोडबिंदू होत.
* पॉइंटकट म्हणजे हव्या असलेल्या जोडबिंदूंचे वर्णन. उदाहरणार्थ, ‘सभासद क्लासच्या कोणत्याही फील्डमधील लेखन’.
* ॲडव्हाइस म्हणजे त्या जोडबिंदूपूर्वी, नंतर किंवा त्याच्या ऐवजी चालवायचा कोड.
* पैलू म्हणजे पॉइंटकट आणि ॲडव्हाइस यांना एकत्र ठेवणारा घटक.
* विणकाम म्हणजे पैलूंमधील कोड मूळ प्रोग्रॅममध्ये गुंफण्याची क्रिया. हे काम कंपाइल करताना किंवा क्लास मेमरीत येताना केले जाते.

जावासाठीची ॲस्पेक्टजे ही भाषा याच केंद्रात तयार झाली आणि २००२ मध्ये ती एक्लिप्स या मुक्तस्रोत प्रकल्पाकडे सोपवण्यात आली. २००४ मध्ये आलेल्या जावा ५ या आवृत्तीत क्लास मेमरीत येताना त्याचा बाइटकोड बदलण्याची अधिकृत सोय आणि क्लासवर खूण करण्यासाठी ॲनोटेशनची सोय उपलब्ध झाली. त्यामुळे विणकामाचा वापर अधिक सुलभ झाला.

## कार्यपद्धती

जावाच्या बाइटकोडमध्ये ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये मूल्य लिहिण्यासाठी ‘पुटफील्ड’ ही एक ठरावीक आज्ञा आहे. मूळ प्रोग्रॅममध्ये मेथड कितीही असल्या, तरी सामान्य जावा कोडमधून फील्डमध्ये होणारे लेखन या आज्ञेतूनच जाते. म्हणून या एका ठिकाणी पहारा ठेवला, तर बदल सहसा नजरेतून सुटत नाही. पैलूलक्षी प्रतिकृतीकरणाचा पाया हाच आहे. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात.

१. क्लासची निवड. कोणत्या क्लासच्या ऑब्जेक्टवर लक्ष ठेवायचे, हे ॲनोटेशनने किंवा मांडणीच्या फाइलमध्ये सांगितले जाते.

२. विणकाम. निवडलेल्या क्लासच्या बाइटकोडमध्ये फील्डचे लेखन व वाचन होते तेथे इंटरसेप्टरला, म्हणजे मध्ये उभ्या असलेल्या कोडला, हाक मारण्याची व्यवस्था केली जाते.

३. जोडणी. एखादा ऑब्जेक्ट कॅशेला एकदाच जोडला जातो. या वेळी कॅशे त्या ऑब्जेक्टपासून सुरुवात करून त्याला जोडलेल्या सर्व ऑब्जेक्टचे जाळे पालथे घालते आणि प्रत्येकाची नोंद करते.

४. लेखनाचा मागोवा. पुढे ‘खाते’ या फील्डमध्ये नवीन मूल्य लिहिले गेले की इंटरसेप्टर कार्यान्वित होतो. कोणता ऑब्जेक्ट, कोणते फील्ड आणि कोणते मूल्य, एवढीच माहिती तो कॅशेला देतो.

५. प्रसारण. कॅशे ही माहिती इतर सर्व्हरकडे पाठवते. तेथील वाचन इंटरसेप्टरमार्गे होत असल्याने नवीन मूल्य मिळते.

६. विलगीकरण. लक्ष ठेवण्याची गरज संपली की ऑब्जेक्ट कॅशेपासून सोडवला जातो आणि तो पुन्हा साधा ऑब्जेक्ट होतो.

दूध संघाच्या उदाहरणात सभासद एकदा जोडल्यावर खाते बदलणारी एकच ओळ पुरेशी ठरते. विसरता येईल अशी तिसरी पायरीच उरत नाही.

### व्यवहार आणि एकत्रीकरण

प्रत्येक फील्डच्या लेखनासाठी स्वतंत्र संदेश पाठवल्यास नेटवर्कवरचा भार कमी होण्याऐवजी वाढू शकतो, कारण प्रत्येक संदेशाला शीर्षक व पोहोच असा स्वतःचा खर्च असतो. शिवाय अर्धवट बदल दुसऱ्या सर्व्हरवर दिसण्याचा धोका असतो. संकलनाची नोंद करताना लिटरचा आकडा पोहोचला आणि फॅटचा अद्याप पोहोचला नाही, अशा क्षणी ‘ब’ वर हिशोब झाल्यास तो चुकतो. म्हणून अनेक बदल एका व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये, बांधले जातात. व्यवहार पूर्ण झाल्यावर सर्व बदल एकत्र पाठवले जातात आणि तो रद्द झाल्यास काहीही पाठवले जात नाही.

### संग्रह-ऑब्जेक्ट

यादी, संच आणि नकाशा यांसारखे संग्रह जावाच्या मूळ ग्रंथालयात असतात. सामान्यतः त्यांच्या क्लासचे विणकाम केले जात नाही. यादीत नवीन घटक घातल्यास सभासदाच्या फील्डमध्ये काहीच लिहिले जात नाही. फील्ड त्याच यादीकडे निर्देश करत राहते, फक्त यादीच्या आत बदल होतो. यावर उपाय म्हणून पोजोकॅशे जोडणीच्या वेळी मूळ यादीच्या जागी तशीच वागणारी प्रतिनिधी-यादी ठेवत असे. मात्र प्रोग्रॅमरने जोडणीपूर्वीच्या मूळ यादीचा संदर्भ जवळ ठेवून तिच्यातच बदल केला, तर तो कॅशेच्या लक्षात येत नसे. जोडणीनंतर यादी ऑब्जेक्टकडून पुन्हा मागून घेणे आवश्यक होते.

### ऑब्जेक्टची ओळख

दोन भावांच्या सामाईक पत्त्याचा प्रश्न सोडवण्यासाठी पत्ता-ऑब्जेक्ट अंतर्गत जागेत एकदाच साठवला जातो आणि दोन्ही सभासदांकडून त्याकडे निर्देश ठेवला जातो. किती ऑब्जेक्ट त्याचा वापर करतात, याची गणना ठेवली जाते. एक सभासद कॅशेतून काढला तरी दुसऱ्यासाठी पत्ता शिल्लक राहतो आणि गणना शून्यावर आल्यावर तो काढून टाकला जातो. एकमेकांकडे निर्देश करणाऱ्या ऑब्जेक्टचे चक्रही या रचनेत हाताळता येते.

## प्रमुख प्रणाली

### जेबॉस कॅशे व पोजोकॅशे

जेबॉस हा मार्क फ्लरी यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला जावा ॲप्लिकेशन सर्व्हरचा मुक्तस्रोत प्रकल्प होता. २००६ मध्ये रेड हॅट या कंपनीने जेबॉस विकत घेतली. या प्रकल्पाअंतर्गत बेला बान, बेन वँग आदींनी जेबॉस कॅशे विकसित केली. तिच्या मूळ भागात माहिती झाडासारख्या रचनेत साठवली जाई आणि संदेशवहनासाठी जेग्रुप्सचा वापर होई.

या झाडावर उभारलेल्या पैलूलक्षी थराला प्रथम ट्रीकॅशेएओपी आणि नंतर पोजोकॅशे असे नाव होते. पोजो ही ‘साधा जुना जावा ऑब्जेक्ट’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत. ऑब्जेक्टची साधी फील्ड झाडाच्या गाठीत मूल्ये म्हणून आणि जोडलेले ऑब्जेक्ट स्वतंत्र गाठी म्हणून साठवले जात. विणकामासाठी जेबॉस एओपी ही चौकट वापरली जाई आणि ती बाइटकोडमध्ये फेरबदल करण्यासाठी शिगेरु चिबा यांच्या जावासिस्ट या ग्रंथालयावर अवलंबून होती.

जेबॉस एओपीमध्ये क्लास केवळ ‘सज्ज’ करून ठेवता येई आणि इंटरसेप्टर प्रत्यक्षात विशिष्ट ऑब्जेक्टलाच लावता येई. त्यामुळे त्याच क्लासचे कॅशेला न जोडलेले ऑब्जेक्ट नेहमीप्रमाणे वागत. पोजोकॅशेच्या २.० आवृत्तीत जोडण्यासाठी ‘अटॅच’, सोडवण्यासाठी ‘डिटॅच’ आणि शोधण्यासाठी ‘फाइंड’ अशा आज्ञा होत्या. जेबॉस ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये वेबसाइटच्या वापरकर्त्याचे सत्र दुसऱ्या सर्व्हरवर नेण्यासाठी ‘पूर्ण सत्र’, ‘एक गुणधर्म’ आणि ‘एक फील्ड’ असे तीन पर्याय होते. त्यांतील फील्डचा पर्याय पोजोकॅशेवर आधारित होता.

### टेराकोटा

टेराकोटा ही सान फ्रान्सिस्को येथील कंपनीची प्रणाली २००६ च्या अखेरीस मुक्तस्रोत झाली. तिच्यात कॅशेला ऑब्जेक्ट जोडण्याचीही वेगळी आज्ञा नव्हती. मांडणीच्या फाइलमध्ये काही फील्ड ‘मूळ’ म्हणून घोषित केली की त्यांच्यापासून पोहोचता येणारे सर्व ऑब्जेक्ट क्लस्टरमध्ये सामाईक होत. फील्डच्या लेखनाबरोबरच जावातील कुलुपाची क्रियाही अडवली जाई. त्यामुळे एका संगणकावरील धाग्यांना, म्हणजे थ्रेडना, आवरणारे कुलूप संपूर्ण क्लस्टरला लागू होई. कुलूप उघडताना त्या दरम्यान झालेले बदल एकत्र करून मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवले जात. कुलूप न घेता सामाईक ऑब्जेक्ट बदलण्याचा प्रयत्न झाल्यास प्रणाली त्रुटी दाखवत असे. जावाच्या मूळ संग्रह-क्लासचे विणकाम करण्यासाठी तिच्यात आधीच बदललेल्या क्लासची एक स्वतंत्र फाइल वापरली जाई.

## मर्यादा

नजरेतून सुटणारे बदल. विणकाम न झालेल्या क्लासमधील लेखन अडवले जात नाही. ॲस्पेक्टजेमध्ये रिफ्लेक्शनने केलेले लेखन आणि ॲरेच्या एखाद्या घरात लिहिलेले मूल्य फील्ड-लेखनाच्या पॉइंटकटमध्ये येत नाही. सर्व बदल टिपले जातात असा समज असताना एखादा सुटला, तर त्याचा शोध घेणे उघड पद्धतीपेक्षा अवघड ठरते.

अदृश्य खर्च. ‘खाते बदला’ ही ओळ वाचताना ती मेमरीतील साधे लेखन भासते. प्रत्यक्षात तिच्यामागे नेटवर्कवरचा संदेश आणि इतर सर्व्हरच्या पोहोचेची प्रतीक्षा असू शकते. तीच ओळ हजार वेळा फिरणाऱ्या चक्रात लिहिली, तर प्रोग्रॅम संथ होण्याचे कारण कोड वाचून लक्षात येत नाही.

वितरणाच्या मूळ अडचणी. सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मधील एका टिपणात स्थानिक आणि दूरस्थ ऑब्जेक्ट यांतील भेद लपवण्यावर टीका केली होती. लागणारा वेळ, मेमरीची हाताळणी, अंशतः होणारा बिघाड आणि एकाच वेळी चालणारी कामे या बाबतींत दोन्ही मूलतः भिन्न आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. बदल अचूक टिपला तरी तो पाठवताना नेटवर्क तुटू शकते किंवा दोन सर्व्हरवर एकाच सभासदाचे खाते एकाच वेळी वेगवेगळे बदलले जाऊ शकते. अशा वेळी कोणता बदल ग्राह्य धरायचा, याचे उत्तर पैलू देत नाही. त्यासाठी कुलपे, व्यवहार किंवा अग्रक्रमाचे नियम आवश्यकच असतात.

देखभालीचा भार. विणकामामुळे कंपाइल करण्याच्या किंवा सर्व्हर सुरू करण्याच्या प्रक्रियेत एक अधिक पायरी येते. चाललेला बाइटकोड लिहिलेल्या कोडशी तंतोतंत जुळत नसल्याने दोषशोधन कठीण होते. क्लासमध्ये नवीन फील्ड घातल्यास क्लस्टरमधील सर्व सर्व्हर एकाच आवृत्तीवर असणे आवश्यक ठरते.

## उत्तरकाळ

२००९ मध्ये रेड हॅटने जेबॉस कॅशेचा उत्तराधिकारी म्हणून इन्फिनिस्पॅन या नव्या प्रकल्पाची घोषणा केली. त्यात झाडाऐवजी किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्यांची रचना मूलभूत मानली गेली. टेराकोटाने २००९ मध्ये एहकॅशे ही लोकप्रिय कॅशे आपल्याकडे घेतली आणि तिचा भर थेट आज्ञांनी वापरायच्या कॅशेकडे वळला. २०११ मध्ये सॉफ्टवेअर एजी या जर्मन कंपनीने टेराकोटा विकत घेतली.

जावातील कॅशेचे जेकॅशे हे मानक २०१४ मध्ये अंतिम झाले. त्यात कॅशे सामान्यतः मूल्याची स्वतंत्र प्रत ठेवते. म्हणजे कॅशेतून मिळवलेल्या ऑब्जेक्टमध्ये केलेला बदल पुन्हा ‘पुट’ केल्याशिवाय कॅशेत उतरत नाही. या नियमामुळे विसरलेली तिसरी पायरी लपून राहत नाही. बदल मूळ सर्व्हरवरही दिसत नसल्याने एकाच संगणकावरील साध्या चाचणीत चूक उघड होऊ शकते.

फील्डच्या लेखनावर पहारा ठेवण्याचे तंत्र मात्र लुप्त झालेले नाही. डेटाबेसशी संबंधित साधनांमध्ये बदललेली फील्ड ओळखण्यासाठी बाइटकोड संवर्धनाचा पर्याय आजही उपलब्ध असतो. तेथे पहाऱ्याचे क्षेत्र एका सर्व्हरच्या मेमरीपुरते मर्यादित असते आणि बदल बाहेर पाठवण्याचा क्षण प्रोग्रॅमरने उघडपणे ठरवलेला असतो. पैलूलक्षी प्रतिकृतीकरणाच्या अनुभवातून या दोन कामांतील भेद स्पष्ट झाला. बदल ओळखण्याचे काम यंत्राकडे सोपवता येते, परंतु तो केव्हा आणि कोणत्या हमीसह इतरत्र पोहोचवायचा, हा निर्णय प्रणालीच्या रचनाकारालाच घ्यावा लागतो.